न जेवणारा पाहुणा

वाढलेल्या ताटासमोर बसले की साहेब उजव्या हाताची मूठ करत, ती डाव्या तळहातात ठेवत आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसत. भाताची वाफ वर येई, ओसरे. वरणावर साय धरे. घरधनी हात जोडून म्हणे, "जेवा ना जी साहेब."

"जेवतो ना. घाई कायची हाये?"

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? तुमच्याकडे ते कधी जेवायला आले नाहीत, म्हणून म्हणता. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाहुणा ताटावरून न जेवता उठला तर त्या घरावर गाव महिनाभर बोलतं. आणि पाहुणा जेवत नाही तोवर घरातलं कुणी घास उचलत नाही. ही रीत साहेबांनी घडवली नव्हती. त्यांनी ती फक्त वापरली, आणि चार वेळा आमदार झाले.

म्हणजे असं, की ग्रामपंचायत असो, सेवा सोसायटी असो, कुणी त्यांच्या माणसाविरुद्ध फॉर्म भरला की साहेब रागवायचे नाहीत. माघारीच्या मुदतीआधी ऐन जेवणाच्या वेळेला त्यांची जीप त्या घरासमोर उभी राहायची. "सहज आलो बापू. भूक लागली." मग पाट, तांब्या, ताट. मग ती मूठ. आतल्या चौकटीत बाया, पोरं, म्हातारी माणसं ताटकळलेली. कुणी तासभर टिकायचा, कुणी दोन तास. शेवटी म्हणायचाच, "घेतो जी मागं." त्यासरशी साहेबांची मूठ सुटायची. मग मात्र ते असे जेवायचे, की बघत राहावं. भात दोनदा, भाजी तीनदा. स्वयंपाक करणारीला बाहेर बोलावून सांगायचे, "माय, असं वरण माह्या आईच्या हातचं होतं."

"गावात फूट पडाले नाही पाहिजे, मास्तर," ते जीपमध्ये मला म्हणायचे. "निवडणूक म्हणजे आंगाले सुटलेली खाज. खाजवली का वाढते."

मास्तर म्हणजे मी. त्यांच्याच शिक्षणसंस्थेच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. अक्षर बरं आणि बायको माहेरी फार जायची, एवढ्या दोन गुणांवर साहेबांनी मला जीपमध्ये घेतलं. त्यांची भाषणं मी लिहायचो. नागरिकशास्त्र वर्गात शिकवायचो आणि जीपमध्ये विसरायचो.

त्यांची मतं मला पाठ होती. जमिनीच्या कमाल मर्यादेला विरोध: "जमीन आई हाये, आईचे हिस्से करता?" (स्वतःच्या आईचे हिस्से त्यांनी साळ्या-मेहुण्यांच्या नावांवर कधीच करून ठेवले होते.) रोजगार हमीला विरोध: "सडकेवर गिट्टी फोडून मजुरी भेटली तर चिखलात रोवण्याले बाया कोण येईन?" मुलामुलींच्या एकत्र कॉलेजाला विरोध. सिनेमाच्या टुरिंग टॉकीजला विरोध. दारूच्या दुकानालाही विरोध, आणि तो मनापासून. या एका बाबतीत त्यांनी स्वतःच्या मेहुण्याचा परवाना अडवला होता. पैसा खाल्ल्याचा आरोप त्यांच्यावर शत्रूनंही केला नाही. तसं असतं तर हे व्यक्तिचित्र लिहायला सोपं गेलं असतं.

लाखोळीच्या डाळीचं भाषण सांगतो. या डाळीनं माणूस लंगडा होतो म्हणून सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातलेली. आमच्याकडे धान कापला की त्याच ओलीवर लाखोळी फेकतात आणि वर्षभर खातात. साहेब नागपूरच्या अधिवेशनात बंदीविरुद्ध बोलणार होते. मी भाषण भारदस्त व्हावं म्हणून एका डॉक्टरांच्या पुस्तिकेतून दोन पानं जशीच्या तशी उतरवली. वाचली नाहीत, उतरवली. साहेब सभागृहात वाचत गेले आणि दुसऱ्या पानावर "प्रथम गुडघे ताठरतात, नंतर रुग्णाला काठीशिवाय चालता येत नाही" असं खणखणीत आवाजात बोलून गेले. समोरचे बाक हसू लागले. साहेबांनी कागद खाली ठेवला, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझ्या आज्यानं हीच डाळ खाल्ली, बापानं खाल्ली, मी खातो. आता पाहा." आणि आपल्या बाकापासून अध्यक्षांच्या आसनापर्यंत ताठ चालत गेले, परत आले. सभागृहानं बाकं वाजवली. बंदी काही उठली नाही. मला बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मास्तर, लिहिलेलं एकदा वाचत जा. मी पहिल्यांदा तिथंच वाचतो, आन् मले तिथं लोकं पाहतात."

माझी दुसरी करामत याहून मोठी. साकोलीकडच्या एका गावात एका पाटलानं सोसायटीसाठी फॉर्म भरलेला. वाटेत जीप पंक्चर झाली, पोहोचायला दुपार टळली. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. समोर बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा आला. साहेबांनी मूठ बांधली. माझ्यासमोरही ताट होतं, आणि माझ्या मुठीनं माझं ऐकलं नाही. पहिला घास पोटात गेल्यावर मला शुद्ध आली, पण तोवर पाटील आनंदानं ओरडले होते, "मास्तर जेवले! संगचा माणूस जेवला म्हणजे पाहुणा जेवला. ए, पोट्ट्यांनो, बसा जेवाले!" आत ताटं मांडल्याचा आवाज. पाटलानं फॉर्म मागं घेतला नाही. ती जागा साहेब हरले. परतीच्या वाटेवर साकोलीची बत्ती दिसली. मग म्हणाले, "पातोडी चांगली होती का?"

"हो, साहेब."

"मंग ठीक हाये. एका जागेच्या मोलाची होती."

तेव्हापासून मला घरून जेवून यायची आज्ञा झाली, आणि बैठकीत मी ताटाशिवाय भिंतीला टेकून बसू लागलो.

अशा माणसावर राग धरणं कठीण असतं. आंबागडच्या पायथ्याचा एक लाकूडतोड्या झाडावरून पडला तेव्हा साहेबांनी सभा सोडून त्याला जीपमध्ये आडवा टाकला आणि नागपूरला नेलं. पूर्ण वाटेत त्याचं डोकं यांच्या मांडीवर. मी मागे बसून त्याचे पाय धरलेले. मला वाटायचं, मी एका मोठ्या माणसाबरोबर फिरतो आहे. आजही त्या दिवसापुरतं वाटतं.

मग गिरजाबाईचं प्रकरण आलं.

आमचं गाव अड्याळच्या बाजूचं, अर्धं धानाचं, अर्धं कोष्ट्यांचं. कोष्टीपुऱ्यात घरोघरी हातमाग. विणकर सोसायटी सभासदाला सूत द्यायची आणि विणलेली लुगडी घ्यायची. सोसायटीचे अध्यक्ष साहेबच. गिरजाबाईचा नवरा महादेव छातीच्या दुखण्यानं गेला. सभासद तो होता. विणायची मात्र गिरजाबाईही, आणि तिच्या हातचा काठ ओळखणारी गिऱ्हाइकं पवनीपर्यंत होती. नवरा गेल्यावर तिनं अर्ज केला, की सभासद मला करा, सूत माझ्या नावानं द्या. दीर नामदेवानंही तोंडी सांगून ठेवलं, की मला करा. सूत ज्याच्या नावानं, माग त्याचा. आणि माग ज्याचा, त्या घरात शब्द त्याचा. गिरजाबाईची आंधळी सासू तिच्याजवळच होती. दिराला सूत गेलं तर स्वतःच्या घरात दिराची मजूर व्हायचं, एवढं तिला कळत होतं.

साहेबांनी अर्ज समितीपुढे ठेवला आणि ठेवूनच दिला. वर्ष गेलं. तोवर सूत मेलेल्या महादेवाच्या नावानं येत राहिलं. गिरजाबाई विचारायला आली की साहेब म्हणायचे, "घाई कायची हाये, बाई? घरातल्या घरात मिटवा." मला म्हणायचे, "बाईच्या नावानं सूत देलं, आन् उद्या ती रागानं माहेरी गेली, तर माग इथं आन् सूत तिथं. घर मोडते, मास्तर. माग एका घरात एका गड्याच्या नावानं असते, तसाच बरा."

सोसायटीची निवडणूक लागली. गिरजाबाईनं समितीसाठी फॉर्म भरला. कोष्टीपुऱ्यात हसू झालं. ती म्हणाली, "ज्याईच्या हाती सूत, त्याईच्यात जाऊन बसाव लागते. उंबऱ्यात उभं राहून वर्ष झालं मले."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप कोष्टीपुऱ्यात.

छपरीत पाट मांडला. भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. मी घरून जेवून आलेलो, भिंतीला टेकलो. सासू कोपऱ्यात गोधडीवर बसलेली, मान आवाजाच्या दिशेनं फिरवत. कुंपणापलीकडे अर्धा पुरा जमला.

"जेवा, भाऊ."

"जेवतो. पहिले सांग, फॉर्म मागं घेतेस ना?"

"नाही जी."

"मंग बसतो. घाई कायची हाये?"

मूठ बांधली गेली. गिरजाबाई थोडा वेळ उभी राहिली. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं, माश्या बसू नयेत म्हणून. मग म्हणाली, "बसा तुम्ही सुखानं. मी थोडंसं विणून घेतो," आणि सरळ छपरीतल्याच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. धोटा इकडून तिकडे पळू लागला. खट् खट्. साहेबांच्या राजकारणात हा आवाज पहिल्यांदाच होत होता. आजवर लोक त्यांच्यासमोर घाम पुसत बसायचे. इथे कुणी बसलंच नाही.

कुंपणावरून कुणी तरी बोललं, "साहेब, पाट गरम झाला असन!" हशा झाला. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

सासूनं विचारलं, "पाहुणा जेवला का वं, गिरजे?"

"जेवतो म्हणते, माय."

खट् खट्. ऊन छपरीच्या कडेला आलं. मी दोनदा खोकलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

"जेवला का वं?"

"नाही, माय."

म्हातारी थोडी पुढे सरकली. हातानं चाचपत तिनं साहेबांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "जेव ना रे बापू. काहून उपाशी बसलास? तू जेवल्याबिगर ही मले देत नाही. मले भूक लागली."

माग थांबला.

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग मूठ सोडली, वरचं ताट काढलं, थंड भातावर वरण कालवलं आणि मुकाट्यानं जेवायला लागले. ना दुसऱ्यांदा भात मागितला, ना कुणाची आई आठवली. ताट स्वच्छ केलं, हात धुतले, म्हातारीच्या पायाला हात लावला आणि जीपकडे चालू लागले.

आता माझी करामत ऐका. मला वाटलं, इतिहास घडला. साहेब जेवले म्हणजे साहेब हरले, हा त्यांचाच कायदा होता. मी जीपमध्ये बसायच्या ऐवजी पारावर धावलो आणि ओरडलो, "साहेब जेवले! गिरजाबाईचा फॉर्म राहिला!" कुणी नारळ आणला. गिरजाबाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि हसली. ती हसली की पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा, हे मी तोवर पाहिलं नव्हतं, कारण ती तोवर हसली नव्हती. मी नागरिकशास्त्राचा मास्तर, त्या दिवशी पारावर लोकशाहीवर बोललो. पंधराएक मिनिटं तरी बोललो असेन. लोकांनी ऐकून घेतलं, कारण खोबरं वाटायचं बाकी होतं.

दोन दिवसांनी अर्जांची छाननी. भंडाऱ्याहून निवडणूक अधिकारी आलेला. सोसायटीच्या खोलीत टेबल, दाराशी माणसं. गिरजाबाईचं नाव आलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "ह्या सभासद आहेत का?"

साहेब म्हणाले, "सभासदत्वाचा अर्ज समितीपुढे हाये."

"म्हणजे अजून नाहीत."

"अजून नाही."

झालं. गोष्ट इतकी साधी होती, की माझ्याशिवाय सगळ्यांना आधी सुचायला हवी होती. माझ्याशिवाय म्हणतो, कारण मला सुचेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

गिरजाबाई दारातच उभी होती. ती अधिकाऱ्याशी बोलली नाही. साहेबांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही माह्या घरी जेवले."

"जेवलो ना बाई," साहेब म्हणाले. "वांगे बेस झाले होते."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच वांगी आवडली होती.

परतताना मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये आवाज चढवला. चढवला म्हणजे ड्रायव्हरला ऐकू गेला इतकाच. "साहेब, मग जेवलात कशाला?"

"बुढी भुकेली होती, मास्तर. भुकेल्या बुढीसमोर बसाव कसं?"

"आणि फॉर्म?"

"जेवणाचा आन् फॉर्माचा काय संबंध?"

"तो बाद होणार हे तुम्हाला माहीत होतं. मग गेलातच कशाला तिच्या घरी?"

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मला समजावून सांगायची माया होती. "अधिकाऱ्यानं भरल्या लोकांत बाद करावं का बाईले? तिनं आपल्या हातानं मागं घेतला असता, तर इज्जत राहिली असती तिची. मी तिच्यासाठीच गेलो होतो. तिले समजलं नाही."

ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. खोटारड्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं.

महिन्याभरात सूत नामदेवाच्या नावानं झालं. माग गिरजाबाईच्या घरातून हलवायची गरज पडली नाही. नामदेवच रोज सकाळी येऊन तिच्या घरातल्या खड्ड्यात बसू लागला. ती बाजूला बसून त्याच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. काठ चुकला की तिला दिसायचं. एकदा तिनं सांगितलं, तर नामदेव म्हणाला, "वहिनी, तुम्ही कांड्या पाहा." ही गोष्ट मला तिनं नाही, नामदेवानंच सांगितली, हसत हसत, चहा पाजता पाजता. मी तो चहा प्यालो. जीपमध्येही बसत राहिलो. बायकोनं विचारलं, "अजून जाता?" मी म्हणालो, नोकरी आहे. तिनं डाळ वाढली.

साहेब पाचव्यांदा उभे राहिले आणि पडले. समोर तरुण पोरगा होता. त्याच्याकडे चार जीप, कर्णे आणि कुणाच्या घरी बसायला वेळ नाही. पडल्यावर वर्षभर लोक येत राहिले, मग यायचे थांबले. मी रविवारी जायचो. ते ओसरीवर खुर्ची टाकून सडकेकडे पाहत बसायचे. एकदा मध्येच म्हणाले, "त्या कोष्टिणीचं काय चालू हाये? बुढी होती जिची."

"बुढी गेली. त्या कांड्या भरतात दिरासाठी."

त्यांनी समाधानानं मान हलवली. "बरं हाये. घर एकत्र राहिलं."

चार वेळा निवडून आलेल्या, आता कुणी न विचारणाऱ्या म्हाताऱ्याला काय बोलायचं? आणि निवडून येत होते तेव्हा तरी मी कुठे बोललो होतो?

ते गेले तेव्हा आसपासची गावं लोटली. हे खरं प्रेम होतं, आणलेली गर्दी नव्हे. तो लाकूडतोड्याही आला होता, लंगडत, भातशेतांच्या बांधाबांधानं.

त्याच वर्षी विणकर सोसायटीची वार्षिक सभा झाली. सोसायटी तोवर नावाला उरलेली. पॉवरलूमची लुगडी बाजारात आली, सूत येईना, नामदेव माग सोडून नागपूरला कामाला गेला. सभेचा कोरम भरत नव्हता, म्हणून नव्या समितीनं धडाधड सभासद करून घेतले, त्यांत गिरजाबाई. जे सभासदत्व तिला सूत असताना मिळालं नाही, ते सूत संपल्यावर आपण होऊन घरी चालत आलं. तिनं पावती पदराला बांधली आणि सभेला आली, शेवटच्या रांगेत बसली.

पहिला विषय साहेबांच्या शोकप्रस्तावाचा. तो मीच लिहिला होता. "आधारवड" होता त्यात, "दीनांचा कैवारी" होता, आणि "विणकर भगिनींचे पाठीराखे" असंही मी हाताच्या सवयीनं लिहून गेलो होतो. यावेळी वाचताना मलाच ऐकू आलं, पण वाचून झालं होतं. अध्यक्ष म्हणाले, "ठराव एकमतानं मंजूर."

"नाही जी."

सगळे वळले. गिरजाबाईनं हात वर केला होता.

"काय नाही, बाई?"

"एकमत नाही. माहं मत इरोधात हाये. लिहून घ्या."

कुणी हसलं, कुणी "चूप बस वं" म्हणालं. अध्यक्ष चांगला माणूस होता, त्यानं समजुतीनं सांगितलं, "मावशी, मेलेल्या माणसाच्या ठरावाले कोणी इरोध करते का?"

"जित्तेपणी करू देल्ला का त्यानं मले?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं: विरोधी मत एक. नाव, पूर्ण. वेडंवाकडं लिहिलं, पण लिहिलं.

"आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली," अध्यक्ष म्हणाले.

सतरंजीवरून माणसं उठली. मला वाटलं, ती बसून राहील. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घालून उभी राहिली. पुढच्या रांगांमध्ये कुणी खाकरत होतं, कुणी घड्याळाकडे बघत होतं. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही, आणि विचारायचा हक्क माझा नव्हता.